बाजार मोकळा पाहिजे, पण माझ्या मालापुरता

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना घाई असेल त्यांनी अंगठा दाखवून पुढं जावं, मी रागावणार नाही.

2025च्या ऑगस्टात केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क ठोकलेलं, कापड गिरण्या रडत होत्या, त्यांना स्वस्त रुई पाहिजे होती. इकडं विदर्भात कपाशी ऐन पात्या-फुलांवर आलेली. त्याच आठवड्यात पोळा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दरवर्षीसारखा नागपूरच्या इतवारीत मारबत पाहायला गेलो, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत भेटतात तेव्हा नेहरू पुतळ्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. बडग्या नावाच्या पुतळ्यांच्या मागून पोट्टे घसा फोडून ओरडत होते, "महागाईले घेऊन जा गे मारबत!" माझ्या शेजारी शाळेपासूनचा मित्र उभा होता. त्याची जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी. त्यानं मला कोपरानं ढोसलं.

"काऊन बे, तू त मुक्त बाजारवाला ना? मंग आठ दिवसांपासून सुतक पाळल्यासारखा काऊन करून राहिला? सरकारनं त बाजार मोकळाच केला!"

मी म्हटलं, चल, चहा घेऊ. म्हणजे उत्तर नव्हतं माझ्यापाशी. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो.

ओळखत नसाल तर सांगतो, मी करसल्लागार आहे. नागपुरात घर, नरखेडकडं गाव, तिथं भाऊ बारा एकर वाहतो, कापूस आणि संत्रा. मुक्त बाजार हा शब्द मी कॉलेजात नाही शिकलो. बैलबंडीत शिकलो. 1972 पासून पुढची जवळजवळ तीस वर्षं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. तुमच्या वावरातला कापूस विकायचा तर फक्त सरकारी केंद्रावर. तिथं ग्रेडर बोटांत धागा ओढून पाहणार, एक दर्जा खाली लिहिणार, आणि चुकारे मिळणार हप्त्याहप्त्यानं, कधी तर पुढची पेरणी तोंडावर आल्यावर. सीमेपलीकडं मध्य प्रदेशात पांढुर्ण्याचा व्यापारी मात्र गादीवर बसून नोटा मोजून द्यायचा. मी नववीत असेन. थंडीचे दिवस होते. बाबांनी बंडीत कापूस दाबून भरला, वरून कुटाराची पोती टाकली आणि त्या पोत्यांवर मला बसवलं, कारण पोरगं बसलेलं दिसलं की नाक्यावरचा शिपाई फार उचकत नाही. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या काढून बाबांनी धोतराच्या सोग्यात बांधल्या होत्या. त्या रात्री मला एवढंच कळलं की आपल्या बापाला स्वतःचा कापूस विकायला चोरासारखं जावं लागतं. नाक्यावर काय दिलं ते मी पाहिलं नाही. बाबा परत आले तेव्हा फक्त म्हणाले, "चाल, हाक."

म्हणून शेतकरी संघटनेचे शरद जोशी मला पटले. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून हा माणूस 1977 साली परत येतो, आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतो, आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणतो. पुढं जगाचा व्यापार खुला करायचा डंकेल प्रस्ताव आला तेव्हा देशातले बहुतेक शेतकरी नेते विरोधात उभे राहिले. टिकैत होते, कर्नाटकचे नंजुंडस्वामी होते. जोशी एकटे म्हणत होते, येऊ द्या. त्यांचा हिशेब साधा होता. आपल्या शेतकऱ्याला सबसिडी मिळते हीच अफवा आहे, निर्यातबंदी आणि लेव्ही लावून सरकार त्याच्याकडूनच काढून घेतं, म्हणजे सबसिडी उणे आहे. मग जगाच्या बाजाराला तो काय घाबरेल?

मित्राला माझं पहिलं उत्तर तिथून सुरू होतं. आयात मोकळी करा, माझी ना नाही. खरंच नाही, दात-ओठ खात का होईना. पण मग बाकीचं पण सोडा ना! डिसेंबर 2021मध्ये सोयाबीनचा वायदेबाजार (पुढच्या भावाचे आगाऊ सौदे) बंद केला, हरभऱ्याचा केला, आणि बंदीची मुदत वाढवतच नेली. डिसेंबर 2023मध्ये कांद्याची निर्यात बंद. जगात तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं कधीचं वापरतात, आपल्याकडं त्याला मंजुरी नाही म्हणून ते 'चोर बीटी' या नावानं रात्री विकलं जातं, पावती नाही, हमी नाही, उगवलं नाही तर तक्रार कोणाकडं करायची तेही नाही. 2019च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेनं अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला ते दिवसाढवळ्या, सांगून-सवरून पेरलं. ही माझ्या लेखी अलीकडची सगळ्यात स्वच्छ चळवळ. तर असं आहे. शेतकऱ्याचे हात बांधायचे, विहिरीत ढकलायचं आणि वर म्हणायचं, पाणी तर सगळ्यांना सारखंच आहे.

एवढं लिहून थांबलो असतो तर शंभरेक लाइक नक्की होते. पण मित्राचा टोमणा कापसापुरता नव्हता, हे मला नंतर कळलं. 2025च्याच मे महिन्यात, पाकिस्तान सीमेवर तणातणी पेटली त्या चार दिवसांत, आमच्या ग्रुपवर मी एकदा काहीतरी खवचट टाकलं होतं. तेव्हा हाच मित्र म्हणाला होता, "बाजाराचं बाजारात ठेव. लढाईत सरकारच्या मागं उभं राहायचं असते." आणि ग्रुपमधले बाकीचे मुक्त बाजारवाले, म्हणजे जीएसटीचं नाव काढलं की तोंडाला फेस येणारे, ते संरक्षण क्षेत्रातले कोणते शेअर घ्यावेत याची यादी टाकत होते.

आता माझं म्हणणं ऐका. आपल्या मानेवर बसलेलं नियंत्रण कुठून आलं ते शोधत मागं जा, तुम्हाला बहुतेक वेळा एक लढाई सापडेल.

जीवनावश्यक वस्तू कायदा घ्या. कांद्याचा, डाळीचा साठा किती ठेवायचा हे ज्या कायद्यानं ठरतं तो 1955चा. त्याच्या आधी होता 1946चा, आणि त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असं लिहिलेलं होतं. त्याच्या आधी 1939चे भारत संरक्षण नियम. म्हणजे हिटलरशी लढायला इंग्रजांनी जी काठी उचलली, ती हिटलर मेला, इंग्रज गेले तरी लासलगावच्या कांदेवाल्याच्या पाठीवर पडतेच आहे.

नागपुरात महाल भागातल्या आमच्या घराचीही तीच गोष्ट. महायुद्धाच्या काळात शहरांत घरं मिळेनात म्हणून देशभर भाडं नियंत्रण पसरलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा कायदा 1946चा आणि त्याखालचा आदेश 1949चा. नागपुरात जुन्या माणसांपुढं नुसतं 'क्लॉज 13' म्हणा, कपाळावर आठ्या येतील. घरमालकानं भाडेकरूला नोटीस द्यायची तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढायची. परवानगी मिळाली की मग दिवाणी दावा. आजोबांनी खालच्या दोन खोल्या एका कुटुंबाला दिल्या होत्या. भाडं महिन्याला बावीस रुपये. माणसं वाईट नव्हती, त्यांच्या पोरांशी मी कॅरम खेळलोय. पण बावीस रुपयांत घरमालक कवेलू बदलत नाही आणि भाडेकरू दुसऱ्याच्या घरावर खर्च करत नाही. त्या छतातून पाणी गळायचं ते दोन्ही घरांत गळायचं. खाली त्यांचं पातेलं, वर आमचं. क्लॉज 13 गेला 2000 साली, नवा राज्य कायदा लागू झाला तेव्हा. दुसरं महायुद्ध 1945ला संपलं असं शाळेत शिकलो होतो, आमच्या माजघरातलं पंचावन्न वर्षं उशिरा संपलं, आणि तेही अर्धंच.

ज्या इन्कम टॅक्सवर माझं पोट भरतं त्याचीही जन्मकथा सांगतो. 1857च्या उठावानं कंपनीची तिजोरी रिकामी केली. ती भरायला लंडनहून जेम्स विल्सन आला. हा 'इकॉनॉमिस्ट'चा संस्थापक, खुल्या व्यापाराचा कट्टर पुरस्कर्ता. त्यानं 1860 साली हिंदुस्थानात आयकर लावला, पाच वर्षांपुरता. आणि त्याच वर्षी कलकत्त्यात वारला. कर पाच वर्षांनी गेला, परत आला, आणि 1886पासून मुक्कामालाच राहिला. खुल्या बाजाराचा एवढा मोठा माणूस, पण लढाईचं बिल समोर आलं की त्याचाही हात रयतेच्या खिशाकडंच गेला. दर जुलैला रिटर्न भरताना मला विल्सनसाहेबाची आठवण होते, उपकार म्हणा की शाप म्हणा.

आणि वऱ्हाड? आपलं वऱ्हाडसुद्धा फौजेच्या बिलापायीच गेलं. निजामानं हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकवला म्हणून 1853 साली इंग्रजांनी वऱ्हाड लिहून घेतलं. सगळ्यात पिकाऊ काळी जमीन, एका लष्कराच्या थकबाकीत. त्याच वर्षाच्या शेवटी तिसरे रघूजी वारले आणि 1854 साली भोसल्यांचं नागपूरही खालसा झालं. इथं कोणीतरी नक्की कमेंट करणार की कंपनी म्हणजे व्यापारीच ना, बघा तुमचा मुक्त बाजार काय करतो! नाही हो. राणीच्या सनदेनं मक्ता मिळालेली, स्वतःची पलटण बाळगणारी कंपनी म्हणजे मुक्त बाजार कसा? अ‍ॅडम स्मिथनं 1776 सालीच तिच्यावर कोरडे ओढलेत. सीताबर्डीच्या टेकडीवर 1817 साली तोफा डागल्या त्या काही दुकानदारांनी नव्हे.

मी फौज नको असं म्हणत नाही. कामठीत लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्या भागातून जाताना माझीही मान आपोआप ताठ होते. सीमा राखणं हे सरकारचं काम, त्याच्यासाठीच तर सरकार. पण लढाई म्हणजे सगळ्यात बंदिस्त बाजार, हे विसरून कसं चालेल? गिऱ्हाईक एकच, माल झाकलेला, भाव गुपित, आणि पैसा गिऱ्हाइकाचा नव्हेच. आणि आपल्याला वाटतं युद्ध दूर काश्मिरात होतं. विदर्भात ते डब्यात भरलं जातं, राजेहो. 2016च्या मे महिन्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली तेव्हा माणसं गेली. 24 जानेवारी 2025ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यात स्फोट झाला, किमान आठ कामगार गेले. त्यांच्या नावानं ग्रुपवर कोणी शेअरची यादी टाकली नाही.

कापूसवाल्यांनी तर लढाईबद्दल बोलताना जास्तच जपून बोलावं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडात पैशाचा पूर आला. लढाई थांबली, भाव आपटले. वाढलेल्या भावाच्या भरवशावर काढलेलं कर्ज मात्र भावाबरोबर आपटत नाही. मँचेस्टरचे कॉब्डेन आणि ब्राइट, खुल्या व्यापाराचे इंग्रज पुढारी, हे मला या बाबतीत सच्चे वाटतात. धान्यावरचा कर 1846 साली हटवला म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मग क्रिमियाच्या युद्धाला त्यांनी विरोध केला, आणि 1857च्या निवडणुकीत दोघंही पडले. त्यांना एक सोडून दुसरं धरता आलं असतं. आमच्या ग्रुपला ते सहज जमतं.

आता नीतिमत्तेकडं येतो. हा भाग लिहायला घेतला तेव्हा मी मधेच उठून खाली गेलो होतो. खर्रा आणायला.

नागपूरच्या बाहेरच्यांसाठी: ठेलेवाला प्लास्टिकच्या पन्नीवर किसलेली सुपारी घेतो, तंबाखू टाकतो, बोटानं चुना लावतो, पन्नी गुंडाळतो आणि फळीवर ठेवून तळहाताच्या मुळानं घोटत राहतो. दोन-तीन मिनिटं तरी. खरा कारागीर असेल तर सुपारी ओलसर होऊन रंग धरते आणि पन्नी गरम लागते. महाराष्ट्रात 2012 साली गुटखा बंद झाला, मग हेही बंद झालं. 2018पासून असली पन्नीही बंद. सुपारी चालते, तंबाखू चालतो, चुना चालतो, तिन्ही एकत्र केले की गुन्हा. माझ्यासमोर तो ठेलेवाला दिवसात शंभरदा कायदा मोडतो, आणि महिन्याला त्याची किंमत कोणाला तरी देतो. बाबांनी त्या रात्री नाक्यावर दिली तशीच. खर्रा चांगला असं मी म्हणत नाही. माझं तोंड आता पुरतं उघडत नाही, डॉक्टरनं तंबी दिली आहे. पण तोंड माझं आहे.

दारूचा कायदा तर आणखी गमतीचा. 1949चा, नाव दारूबंदीचं, आणि प्यायची तर सरकारचा परवाना काढून प्यायची. तुमच्यापैकी किती जणांच्या खिशात आहे परवाना? हात वर करा. वर्ध्यात पन्नासेक वर्षांपासून बंदी, गडचिरोलीत 1993पासून. नागपुरातून वर्ध्याकडं जाताना जिल्ह्याची हद्द कुठं लागते हे पाटी न वाचताही कळतं, शेवटची दुकानं सांगतात.

आणि बैल. 2015च्या मार्चपासून राज्यात बैल कापायला बंदी आली. गाईची होतीच, आता बैलही. माझा धर्म मला कोणी शिकवू नये, पोळ्याला बैलाच्या पायावर पाणी घालणारं घर आहे आमचं. पण आधी थकलेला बैल बाजारात नेला की दहा-पंधरा हजार यायचे आणि त्यात भर टाकून नवा गोऱ्हा यायचा. कायद्यानंतर भाऊ आमचा 'सर्जा' घेऊन दोन बाजार फिरला, कोणी दाताला हातसुद्धा लावला नाही. पाच वर्षं तो गोठ्यात उभा होता. मेला तेव्हा भाऊ रडला, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर त्यानं पुन्हा बैल घेतला नाही. ट्रॅक्टर भाड्यानं आणतो. आमच्या घरी पोळा आता मातीच्या बैलांचा.

इथपर्यंत माझी गाडी रुळावर आहे. पुढं माझी मावशी उभी आहे.

मावशी चंद्रपूर जिल्ह्यातली. काका पिऊन पिऊन गेले, त्याआधी चार एकर गेले, त्याआधी तिच्या पाटल्या. 2010च्या डिसेंबरात चिमूरहून बाया नागपूरच्या अधिवेशनावर चालत आल्या, दारूबंदी मागायला. त्यात ती होती. वयाच्या साठीत. रात्री आमच्या घरी आली तेव्हा टाचांतून रक्त येत होतं. माझ्या बायकोनं गरम पाण्यात मीठ टाकून तिचे पाय बुडवले, आणि मी, शहाणा, समोर बसून तिला समजावत होतो. मावशी, बंदीनं दारू जात नाही, फक्त चोरीची होते, महाग होते.

ती म्हणाली, "महाग झाली त कमी पितीन ना बाप्पा. तुह्या बाजाराचा हाच त नेम हाये ना?"

मी गप्प. मग पुन्हा जोर करून म्हटलं, शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली होती, बायकोच्या नावानं जमीन करून द्यायची. काकांनी तेव्हा केली असती तर चार एकर वाचले असते. मालमत्ता बाईच्या हातात देणं हा खरा उपाय, दुकानाला कुलूप लावणं नाही.

"नाव सात-बाऱ्यावर असलं तरी मार पाठीवरच बसते," ती म्हणाली. "अन् तुह्या त्याच संघटनेच्या बायांनी दारूची दुकानं बंद करा म्हणून आंदोलनं केली होती. मी गेलती."

तेही खरं होतं. चंद्रपुरात 2015च्या एप्रिलपासून बंदी आली आणि 2021 साली उठली. मधल्या काळात शेजारच्या जिल्ह्यांतून पेट्याच्या पेट्या जात होत्या, म्हणजे माझं म्हणणं खोटं ठरलं नाही. पण त्या वर्षांत मावशी फोनवर म्हणायची की संध्याकाळी गावातली गल्ली शांत असते, पोरी बाहेर ओट्यावर बसतात. तेही खोटं नसावं. ती 2019 साली गेली. बंदी उठलेली तिनं पाहिली नाही, त्यामुळं तो वाद मी जिंकलो की हरलो हे विचारायला आता कोणी नाही. नवऱ्यानं मारलं तर त्याला आत टाका, प्यायला म्हणून टाकू नका, हे मी आजही म्हणतो. पण ते म्हणताना मला तो पाण्याचा टप दिसतो, आणि आवाज जरा खाली येतो.

तर मित्रा, तुझं उत्तर. बाजार, लढाई आणि लोकांची ताटं-पेले या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं तू म्हणतोस. मला तो एकच हात दिसतो. दोन ठिकाणी त्याला टाळ्या वाजवून बोलावलं की तिसऱ्या ठिकाणी तो न बोलावता येतो. आणि शुल्क काढल्यावर मी सुतक पाळलं, ते खरं आहे. तेव्हा माझ्या पोटात कॉब्डेन नव्हता, नरखेडचे बारा एकर होते.

आणि हे पण लिहूनच टाकतो, नाहीतर तू कमेंटमध्ये टाकशील. 2025-26च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. भावानं विचारलं, काय करू? मीच त्याच्या मोबाइलवर सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचं, ते कपास किसान अ‍ॅप टाकून दिलं, सात-बारा चढवला, नोंदणी केली. दिवाळीनंतर नंबर लागला. खरेदी केंद्र दिलं ते भाड्यानं घेतलेल्या जिनिंगमध्ये, तुझ्याच. ट्रॅक्टर फाटकातून आत आला तेव्हा तू काट्याजवळ उभा होतास आणि सगळ्या हमालांना ऐकू जाईल असं ओरडलास, "सरका बे, मुक्त बाजार आला!"

ओलावा दहा टक्के निघाला. त्या हिशेबानं भाव कापला. भाऊ म्हणाला, "चाल, हाक."